डिग्री अर्धवट, राज्य बदललं: अमेरिकेत उरलेल्या क्रेडिटांचा हिशेब कसा मांडायचा

बाबांची नोकरी न्यू जर्सीतून टेक्ससला गेली आणि मुलगी दोन वर्षं शिकलेली. किंवा मुलाने मध्येच एक वर्ष सोडलं आणि आता परत जायचंय. किंवा लग्नानंतर इथे आलेल्या सुनेला कधीतरी सुरू केलेली बॅचलर्स डिग्री संपवायची आहे. अशा वेळी घरात पहिला प्रश्न येतो, "वर्षाची फी किती?" माझ्या मते इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. अर्ध्या वाटेवर असलेल्या विद्यार्थ्यासाठी वर्षाची फी हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. आजपासून डिग्री हातात पडेपर्यंत एकूण किती खर्च येणार, हे बघायचं. त्यात फी असते, राहणं-खाणं असतं, वाया जाणारे क्रेडिट (विषय पास झाल्यावर डिग्रीसाठी जमा होणारी एककं) असतात, लांबलेले महिने असतात आणि आपल्या लोकांच्या बाबतीत व्हिसाही असतो.

हा लेख अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत बॅचलर्स पूर्ण करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांचा कमी दर), आउट-ऑफ-स्टेट (बाहेरच्यांचा चढा दर) ही भानगड मुख्यतः तिथेच असते. खाजगी कॉलेज तुम्ही कुठल्या राज्यातले आहात यावर फी ठरवत नाही.

पायरी १: किती क्रेडिट खरोखर उरलेत ते लिहून घ्या

बहुतेक बॅचलर्स डिग्री १२० क्रेडिटच्या असतात. मुलाचे ८४ झाले म्हणजे ३६ उरले, असं आपण बोटांवर मोजतो. पण विद्यापीठाच्या पोर्टलवर "डिग्री ऑडिट", म्हणजे काय झालं आणि काय उरलं याची यादी, काढून बघा. त्या ८४ पैकी काही क्रेडिट नुसते "इलेक्टिव्ह" (ऐच्छिक) म्हणून पडलेले असतात आणि मेजरचे, म्हणजे मुख्य शाखेचे, विषय तसेच बाकी असतात. ऑडिटमध्ये लाल रंगात जे दिसतं तेवढंच उरलेलं काम. त्यातला एखादा विषय फक्त फॉलमध्ये (ऑगस्ट ते डिसेंबर; मग स्प्रिंग जानेवारी ते मे, आणि समर म्हणजे उन्हाळा) असतो, त्याच्याआधी दुसरा विषय करावा लागतो, आणि एका विषयापायी अख्खं सेमिस्टर वाढतं.

दुसऱ्या विद्यापीठात जायचा विचार असेल, तर तिथून क्रेडिट मूल्यांकन लेखी मागा. "तुमचे सगळे क्रेडिट घेतो" या वाक्यावर भुलू नका. घेणं वेगळं आणि तुमच्या मेजरला लागू धरणं वेगळं. अ‍ॅडमिशनवाला पहिलं सांगतो, तुम्हाला दुसरं हवं असतं. त्यासाठी त्या डिपार्टमेंटच्या अ‍ॅडव्हायजरला गाठावं लागतं आणि जुन्या विषयांचे सिलॅबस पाठवावे लागतात. जुने सिलॅबस सांभाळून ठेवले नसतील तर आजच जुन्या पोर्टलवरून उतरवून घ्या. कॉलेज सोडल्यावर लॉगिन बंद होतं.

याच टप्प्यावर आणखी एक नियम विचारा: शेवटचे किती क्रेडिट त्याच विद्यापीठात करावे लागतात? बऱ्याच ठिकाणी हा आकडा ३० आहे. पण "शेवटचे ३०" की "एकूणातले कुठलेही ३०" यावर तुमचा सगळा बेत फिरू शकतो. का ते पाचव्या पायरीतल्या उदाहरणात कळेल.

पायरी २: फी कशी वाढते ते समजून घ्या

कॅटलॉगमध्ये छापलेली फी ही या वर्षाची. पुढच्या वर्षीची फी विद्यापीठाचं बोर्ड ठरवतं, आणि तो ठराव अनेकदा इतका उशिरा होतो की तुमचं रजिस्ट्रेशन आधीच झालेलं असतं. दोन-तीन सेमिस्टर उरली असतील तर हिशेबात थोडी वाढ धरूनच चाला.

काही राज्यांत मात्र फी बांधलेली असते. इलिनॉयमध्ये सरकारी विद्यापीठांत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याची ट्यूशन (शिकवण्याची फी) चार वर्षं तीच ठेवण्याचा कायदा आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने (यूसी) २०२२ पासून बॅचवार फी सुरू केली. ज्या वर्षी तुम्ही दाखल झालात त्या बॅचची फी जास्तीत जास्त सहा वर्षं तीच राहते. इंडियानातल्या पर्ड्यूने तर २०१३ पासून मूळ ट्यूशन गोठवून ठेवली आहे, इन-स्टेटसाठी वर्षाला ९,९९२ डॉलर.

अशा ठिकाणी तुम्ही आधीच असाल तर ती जागा सोडण्याचीही एक किंमत असते, कारण जुन्या बॅचचा दर सोडून तुम्ही नव्या दराच्या रांगेत जाता. मध्ये खंड घ्यायचाच असेल तर नुसतं नाव न नोंदवता गायब होऊ नका. रीतसर "लीव्ह ऑफ अ‍ॅबसेन्स" मागा. अर्ज एका पानाचा असतो. त्याने जुना दर आणि जुना अभ्यासक्रम दोन्ही टिकतात की नाही, हे रजिस्ट्रारकडून ईमेलवर लिहून घ्या.

आता उलट बाजू. जास्त क्रेडिट घेऊन बसलेल्यांना काही राज्यं दंड लावतात. फ्लोरिडात डिग्रीला लागणाऱ्या क्रेडिटच्या १२० टक्क्यांवर गेलात, म्हणजे १२० च्या डिग्रीसाठी १४४ च्या पुढे, की वरच्या प्रत्येक क्रेडिटला अधिभार लागतो. टेक्ससमध्येही गरजेपेक्षा ३० क्रेडिट जास्त झाले की विद्यापीठ इन-स्टेट विद्यार्थ्याला चढा दर लावू शकतं. दोनदा मेजर बदललेल्या मुलांच्या आईवडिलांनी हे आधी तपासावं.

पायरी ३: इन-स्टेट मिळतं का, आणि कधीपासून

फरक किती मोठा असू शकतो ते कॅलिफोर्नियात दिसतं. २०२५ च्या फॉलमध्ये यूसीत नव्याने आलेल्या बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर आणखी ३७,६०२ डॉलर वर्षाला भरावे लागतात. बाकी राज्यांत फरक कमी असेल, पण दुप्पट-तिप्पट दर ही नेहमीची गोष्ट आहे.

बहुतेक राज्यं दोन गोष्टी मागतात: १२ महिने राज्यात प्रत्यक्ष राहणं, आणि इथेच कायम राहायचा इरादा. हे १२ महिने सेमिस्टरच्या एका ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्ण व्हावे लागतात. यूसीत ते ३६६ दिवस मोजतात. दहा दिवस कमी पडले तरी ते सेमिस्टर आउट-ऑफ-स्टेट दराने जातं, आणि मागाहून फरक परत मिळण्याची आशा धरू नये. म्हणून घर बदलण्याची तारीख हातात असेल तर ती ऑगस्टच्या अखेरीस न ठेवता जुलैत ठेवा. कंपनी बहुतेकदा ऐकते, विचारून तरी बघा.

विद्यार्थी आईवडिलांवर अवलंबून असेल तर बघितलं जातं ते आईवडिलांचं राज्य. २४ च्या खालच्या मुलाने "मी स्वतंत्र आहे" म्हणणं सोपं, सिद्ध करणं कठीण. आणि शिकायलाच त्या राज्यात आला असेल तर ते १२ महिने बहुधा धरलेच जात नाहीत. "एक वर्ष आउट-ऑफ-स्टेट भरू, मग मुलगा तिथला रहिवासी होईल" हा सल्ला मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हमखास मिळतो. ऐकून सोडून द्या.

पण एकदा शिक्का बसला की कायमचा, असंही नाही. कनेक्टिकटमध्ये पूर्वी अर्ज करताना जो पत्ता तोच शिक्षण संपेपर्यंत धरायचे. सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरवला. आईवडील खरोखर स्थलांतरित झाले असतील तर पुनर्वर्गीकरणाचा, म्हणजे आउट-ऑफ-स्टेटचं इन-स्टेट करून घेण्याचा, अर्ज करता येतो. सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र पूर्णपणे तुमची.

त्या अर्जात अधिकारी काय शोधतो? तारखा. घराचा करार ऑगस्टचा, पण ड्रायव्हिंग लायसन्स बदललं ते पुढच्या मे महिन्यात. गाडी अजून जुन्या राज्याच्या नंबर प्लेटवर. वडिलांच्या डब्ल्यू-२ वर (पगार आणि कापलेला कर दाखवणारा वार्षिक फॉर्म) जुन्याच राज्याचा कर कापलेला, कारण एचआरला पत्ता कळवायचा राहिला. माणूस खरोखर तिथे राहतोय, पण कागद म्हणतात की तो दोन्हीकडे राहतोय. यातला एकेक कागद नंतर समजावून सांगता येतो. चार कागद एकत्र आले की अर्ज नामंजूर होतो. त्यामुळे सामान उतरलं की पहिल्या महिन्यात लायसन्स, गाडीची नोंदणी, विमा, बँकेचा पत्ता आणि पगाराचा पत्ता बदला. वर्ष संपलं की, जिथे राज्याचा आयकर आहे तिथे, दोन्ही राज्यांत वर्षाचा काही भाग राहिल्याचं (पार्ट-इयर रेसिडेंट) कर-विवरण भरा आणि त्याच्या प्रती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत: रहिवासाच्या पुराव्यांच्या यादीत "मतदार नोंदणी" लिहिलेलं असतं. तुम्ही नागरिक नसाल, ग्रीन कार्डवर असाल तरीही, त्या ओळीकडे ढुंकूनही बघू नका. लायसन्स काढताना काउंटरवरचा माणूस सवयीने विचारतो, "मतदार म्हणून नोंद करू का?" तिथे स्पष्ट नाही म्हणा. फीचे काही हजार वाचवायच्या नादात इमिग्रेशनचं प्रकरण कायमचं बिघडू शकतं.

पायरी ४: व्हिसा आणि एकविसावा वाढदिवस

नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा) आणि एल (कंपनीतून बदलीवर आलेल्यांचा) व्हिसावाल्यांना टेक्सस आणि यूसीसारख्या ठिकाणी रहिवासी म्हणून मान्यता मिळू शकते, बाकीच्या अटी पूर्ण असतील तर. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना तिथे ती मिळत नाही. त्या व्हिसाची अटच अशी की शिक्षण संपल्यावर परत जायचा इरादा असावा, मग इथे कायम राहायचा इरादा कसा दाखवणार?

आता अडचण अशी की एच-४ वरचं मूल २१ वर्षांचं झालं की तो व्हिसा संपतो. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग माहीतच आहे. अनेक मुलं थर्ड इयरला किंवा फायनलला असताना एफ-१ वर जातात. तेव्हा इन-स्टेट दर टिकतो का, हे राज्यागणिक आणि कधी विद्यापीठागणिक बदलतं. काही राज्यांत तिथल्याच हायस्कूलमधून पास झालेल्यांसाठी वेगळी वाट असते. वाढदिवसाच्या निदान एक वर्ष आधी दोन वेगळ्या ऑफिसांना विचारा: रहिवास ठरवणाऱ्या ऑफिसला आणि इंटरनॅशनल ऑफिसला. एकाला दुसऱ्याचे नियम माहीत नसतात. दोघांना एकाच ईमेलमध्ये घ्या, म्हणजे चेंडू इकडून तिकडे जात नाही.

एफ-१ वर गेल्यावर दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात, शेवटच्या सेमिस्टरला कमी घेण्याची परवानगी मिळते. पूर्णवेळेच्या हिशेबात ऑनलाइन विषय एकच धरला जातो. "घरी बसून ऑनलाइन डिग्री संपवू" हा पर्याय तिथेच बाद होतो.

पायरी ५: तीन रकाने मांडा

आता खरी आकडेमोड. खालचे दर उदाहरणापुरते घेतले आहेत, तुमचे तुम्ही भरा. पण रकाने हेच ठेवा.

समजा मुलीचे ८४ क्रेडिट झाले, ३६ उरले. घर दुसऱ्या राज्यात गेलं, त्यामुळे जुनं विद्यापीठ आता क्रेडिटला १,१५० डॉलर मागतंय. घराजवळच्या विद्यापीठात इन-स्टेट दर ४३० आहे, पण ते ८४ पैकी ६६ क्रेडिटच लागू धरतात. हिशेब ऑगस्टअखेरपासून सुरू.

पहिला पर्याय, जुन्या ठिकाणीच संपवणं. फॉल १५, स्प्रिंग १५, समर ६. फी ४१,४००. बारा महिने राहणं-खाणं १,३०० प्रमाणे १५,६००. एकूण ५७,०००, डिग्री पुढच्या ऑगस्टमध्ये.

दुसरा, घरी येऊन संपवणं. ५४ क्रेडिट करावे लागतील, फी २३,२२०. फॉल, स्प्रिंग, समर आणि आणखी एक फॉल, म्हणजे सोळा महिने. घरी असल्याने महिना ४०० धरू, ६,४००. एकूण २९,६२०, डिग्री डिसेंबरमध्ये.

तिसऱ्या पर्यायाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. फॉल सुरू होण्याआधीच्या समरमध्ये घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात (पहिल्या दोन वर्षांचे विषय शिकवणारं स्वस्त सरकारी कॉलेज) ६ क्रेडिट करायचे, क्रेडिटला १६० प्रमाणे ९६०. ते जुन्या विद्यापीठाने मान्य करावेत यासाठी आधी लेखी परवानगी काढायची. मग तिकडे जाऊन फॉल १५, स्प्रिंग १५, म्हणजे ३०. "शेवटचे ३०" चा नियम बरोबर पाळला जातो. फी ३५,४६०, नऊ महिने राहणं ११,७००, एकूण ४७,१६०. डिग्री मे महिन्यात.

एवढ्यावर दुसरा पर्याय सरळ जिंकतो. पण मुलीला काम करायची परवानगी असेल आणि डिग्रीनंतर हातात महिना ३,५०० येतील असं धरलं तर? ऑगस्ट ही रेघ मानू. दुसऱ्या पर्यायात चार महिने उशीर, १४,००० चा पगार बुडाला, म्हणजे खरा खर्च ४३,६२०. तिसऱ्यात तीन महिने आधी सुटका, १०,५०० कमावले, खरा खर्च ३६,६६०. क्रेडिटला जवळजवळ तिप्पट दर असलेलं आउट-ऑफ-स्टेट विद्यापीठ स्वस्त पडलं!

आणि मुलगी एच-४ वर असेल तर? एच-४ वरच्या मुलांना काम करता येत नाही, तो परवाना काही पती-पत्नींनाच मिळतो. मग पगाराचा रकाना शून्य आणि घरी येणंच योग्य. फक्त ती त्या सोळा महिन्यांत २१ ची होणार असेल तर चौथी पायरी परत वाचा. आणि घरच्यांचे नव्या राज्यात १२ महिने भरले नसतील तर पहिल्या सेमिस्टरला ४३० नव्हे, तिथला आउट-ऑफ-स्टेट दर भरा. तो १,००० असेल तर पंधरा क्रेडिटमागे ८,५५० ची भर.

एकाच मुलीची तीच मार्कशीट, पण उत्तर व्हिसा आणि तारखांवर उलटं होतं. म्हणून "अमक्याच्या मुलाने असं केलं" हे इथे चालत नाही.

पायरी ६: दर कमी करायच्या वाटा

वर्षभर नुसतं थांबून रहिवास मिळवण्याआधी शेजारच्या राज्यांचे करार बघा. पश्चिमेकडच्या राज्यांत डब्ल्यूयूई (वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज) नावाची योजना आहे, त्यात बाहेरच्या विद्यार्थ्याला इन-स्टेटच्या जास्तीत जास्त दीडपट दर लागतो. मध्य-पश्चिमेतही अशीच योजना आहे. दक्षिणेत अकॅडमिक कॉमन मार्केट आहे: तुमच्या राज्यात तो अभ्यासक्रमच नसेल तर दुसऱ्या राज्यात तो इन-स्टेट दराने मिळू शकतो. न्यू इंग्लंडमध्येही सवलत आहे. मात्र सगळी विद्यापीठं आणि सगळे मेजर यात नसतात, आणि ट्रान्सफर विद्यार्थ्याला लागू आहे का ते वेगळं विचारावं लागतं.

अनेक विद्यापीठांत १२ ते १८ क्रेडिटला एकच ठोक फी असते. तिथे १२ वर थांबणं म्हणजे पैसे टाकून देणं. झेपत असेल तर १५-१६ घ्या.

सामान्य विषयांसाठी क्लेप (वर्गात न बसता क्रेडिट मिळवून देणारी) परीक्षा देता येते. परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आत, वर केंद्राचं शुल्क. पास झालात तर तीन क्रेडिट मिळू शकतात. आधी विद्यापीठ ती मान्य करतं का ते बघा.

नोकरी करत शिकणाऱ्यांनी कंपनीच्या एचआरला विचारावं. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची शिक्षण-मदत करमुक्त असते. कंपनीकडे योजना असूनही वर्षानुवर्षं कुणी अर्जच करत नाही, असं सर्रास दिसतं.

करसवलतींत (इथे क्रेडिट म्हणजे करातून वजा होणारी रक्कम) अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट २,५०० डॉलरपर्यंतचं आहे, पण एका विद्यार्थ्यामागे फक्त चार वर्षं. पाचव्या वर्षी लाइफटाइम लर्निंग क्रेडिट, २,००० पर्यंत. दोघांचं मिळून उत्पन्न १,८०,००० च्या वर असेल तर दोन्ही विसरा. दोघंही आयटीत असलेल्या घरांचा हा रकाना बहुधा कोराच राहतो.

सरकारी मदत नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी. तीही अमर्याद नाही: पेल ग्रँट (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारं, परत न करायचं अनुदान) साधारण बारा सेमिस्टरपुरती असते, आणि डिग्रीच्या ठरलेल्या लांबीच्या दीडपट क्रेडिट घेतले की मदत बंद होते. आईवडिलांच्या नावावरच्या पेरेंट प्लस कर्जाला जुलै २०२६ पासून वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० अशी मर्यादा आहे. आउट-ऑफ-स्टेटचा बेत या कर्जावर उभा असेल तर परत मांडणी करा.

पायरी ७: सही करण्याआधी

हे पाच प्रश्न ईमेलने विचारा, फोनवर नाही:

माझ्या मेजरला लागू धरलेले क्रेडिट किती? शेवटचे किती तुमच्याकडेच करावे लागतील? माझा दर कोणत्या वर्षाच्या बॅचचा? रहिवासाचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत? मध्ये एक सेमिस्टर सोडलं तर यातलं काय बदलेल?

उत्तरं आली की पीडीएफ करून ठेवा. अ‍ॅडव्हायजर बदलतात, आणि नवीन आलेला आधीच्याने तोंडी दिलेला शब्द मानत नाही. जुन्या विद्यापीठाच्या खात्यावर पार्किंगचा दंड किंवा लायब्ररीची थकबाकी शिल्लक असेल तर तीही आधी भरून टाका, एवढ्याशा रकमेपायी रजिस्ट्रेशन अडकतं. शेवटच्या सेमिस्टरला पदवीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत सेमिस्टरच्या सुरुवातीलाच असते, कधी त्याच्याही आधी. ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका.